माळ्याच्या खिशातील चाकू

जुनी नाणी, टपालाची तिकिटे, पितळी समया यांचा संग्रह करणारी मंडळी आमच्या वाचकांस परिचित आहेत. परंतु शेतकऱ्याच्या, माळ्याच्या अथवा मेंढपाळाच्या खिशात आयुष्यभर वागवला गेलेला मिटता चाकू हीदेखील जतन करण्याजोगी वस्तू आहे असे म्हटले, तर पुष्कळांस नवल वाटेल. चाकू तो काय आणि त्याचा संग्रह तो काय! तथापि इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी व अमेरिका या देशांत अशा चाकूंचा शोध घेणारे आणि त्यांवरील पुसट अक्षरे भिंगाखाली वाचणारे संग्राहक पुष्कळ आहेत. हा छंद आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो, तो चाकूंच्या किमतीमुळे नव्हे. राजेरजवाड्यांच्या तलवारी संग्रहालयांनी सांभाळल्या. पण ज्याने वेल छाटली, कलम बांधले, घोड्याच्या खुरातील खडा काढला, त्याच्या हाती काय होते हे सांगणारी वस्तू झिजली की भंगारात गेली. ती भंगारातून उचलून ठेवणे हे कोणी तरी करावयास हवे. आणि ते नीट कसे करावे, याचाही विचार व्हावयास हवा.

आकारामागील काम

शेतीच्या मिटत्या चाकूत केवळ शोभेसाठी केलेले असे फार थोडे असते. त्याचा प्रत्येक बाक कोणत्या तरी कामाने घडवलेला असतो, आणि ते काम ओळखता येणे हाच या छंदाचा पहिला धडा होय.

छाटणीच्या चाकूचे पाते पोपटाच्या चोचीप्रमाणे आतल्या बाजूस वळलेले असते. ते फांदीवर टेकवून आपल्याकडे ओढले की फांदी त्या बाकात अडकते, निसटत नाही. एका हाताने फांदी वाकवावी आणि दुसऱ्या हाताने एकाच ओढीत ती कापावी. त्याची मूठही बहुधा किंचित वाकडी व टोकास जाड असते, म्हणजे ओढताना हात घसरू नये. डोळा भरण्याचा चाकू याहून पुष्कळ नाजूक. गुलाबाच्या अथवा संत्र्याच्या खुंटावर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा छेद द्यावयाचा, साल अलगद उचलावयाची आणि तिच्याखाली चांगल्या जातीचा डोळा सरकवावयाचा, एवढेच त्याचे काम. साल उचलताना पोलादाच्या धारेने आतला जिवंत थर दुखावू नये म्हणून अशा चाकूच्या दुसऱ्या टोकास हाडाची, हस्तिदंताची अथवा पितळेची चपटी व बोथट जीभ बसवलेली असते. ज्यास हे काम ठाऊक नाही त्यास ती जीभ निव्वळ अलंकार वाटते.

कलमाच्या चाकूचे पाते सरळ धारेचे असते, आणि त्याची खुबी अशी की पुष्कळदा ते एकाच बाजूने उतरते घासलेले असून दुसरी बाजू सपाट ठेवलेली असते. कलमकाडी आणि खुंट यांचे काप अगदी सपाट असल्यावाचून दोहोंची अंतर्साल एकमेकींस भिडत नाही, आणि ती भिडल्यावाचून कलम जीव धरत नाही. असा एका बाजूच्या धारेचा चाकू उजव्या हातासाठी निराळा आणि डाव्या हातासाठी निराळा लागतो. संग्रहात डावखुऱ्या माळ्याचा चाकू आला, तर त्या अनामिक माणसाविषयी आपणांस निदान एक गोष्ट निश्चित कळते.

गुरे पाळणाऱ्यांचे चाकू आणखी निराळे. अमेरिकेतील तीन पात्यांच्या चाकूत एक पाते मुद्दाम बोथट टोकाचे केलेले असते. ते जनावर खच्ची करण्यासाठी; कारण धडपडणाऱ्या जनावरास टोक लागून भलतीच इजा होता कामा नये. इंग्लंडातील घोडेवाल्याच्या चाकूस खुरात रुतलेला खडा काढण्याचा आकडा असे. जनावराची शीर तोडून रक्त काढल्याने रोग हटतो, हा समज अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत रूढ होता. त्या कामाची, पितळी म्यानात मिटणारी पाती आजही जुन्या बाजारांतून सापडतात. समज गेला, हत्यार राहिले. संग्राहकाच्या पेटीत शहाणपणाबरोबर माणसाच्या चुकाही जतन होतात, आणि तसे होणे योग्यच आहे.

पात्यावर घासलेली आयुष्ये

असे चाकू खेडोपाडीचे लोहारही करीत. पण ज्यांवर नाव असते व ज्यांचा माग काढता येतो, त्यांतील पुष्कळसे काही ठरावीक गावांतून आले: इंग्लंडातील शेफील्ड, जर्मनीतील झोलिंगेन, फ्रान्समधील त्येर. शेफील्डची कीर्ती फार जुनी. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसर याने तेथील चाकूचा उल्लेख केला आहे. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने तेथील चाकू-कारागिरांचा संघ स्थापन झाला आणि कारागिरांच्या खुणा नोंदवून ठेवण्याची व्यवस्था झाली. टेकड्यांवरून उतरणाऱ्या नद्यांचे पाणी सहाणेची चाके फिरवी. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत वितळवून एकजीव पोलाद करण्याची रीत सिद्ध केली, आणि पुढे शेफील्डच्या पात्यांची ख्याती जगभर पसरली.

एक साधा चाकू अनेक हातांतून जाई. एकाने पाते ठोकावे, दुसऱ्याने ते सहाणेवर घासावे, तिसऱ्याने पाते, स्प्रिंग व मूठ जुळवून खिळे मारावेत. पुष्कळदा हे कारागीर कारखान्याचे नोकर नसून एखादी खोली भाड्याने घेऊन काम करणारे स्वतंत्र लहान कारागीर असत. तेथील बोलीत त्यांस ‘लिटल मेस्टर’ म्हणतात. यांपैकी घासणाऱ्याचे जिणे सर्वांत कठीण. फिरत्या दगडावर ओणवे होऊन तो दिवस काढी, आणि दगडाची व पोलादाची बारीक पूड त्याच्या फुप्फुसांत साचत जाई. कोरड्या दगडावर काम करणाऱ्यांची स्थिती तर अतिशय वाईट होती. त्यांतील पुष्कळ जण ऐन तारुण्यात मरत. १८४३ मध्ये डॉ. जॉर्ज कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी या रोगावर ग्रंथ प्रसिद्ध करून तो लोकांपुढे मांडला. एखाद्या जुन्या पात्याची चकाकी पाहून आपण हरखतो, तेव्हा ती कोणाच्या श्वासाच्या मोलाने आली आहे याचे स्मरण असावे.

मुठींच्या बाबतीत शेफील्डचा आपल्या देशाशी थेट संबंध होता. सांबराची शिंगे दरवर्षी गळून पडतात. भारतातील रानांतून गोळा केलेली अशी शिंगे जहाजांतून मोठ्या प्रमाणावर इंग्लंडास जात. झाडाच्या सालीसारखा त्यांचा खरखरीत पृष्ठभाग ओल्या हातातूनही निसटत नाही, म्हणून छाटणीच्या चाकूस ती विशेष पसंत असत. इंग्रज माळ्याने आपल्या सफरचंदाची फांदी छाटली, तेव्हा त्याच्या मुठीत पुष्कळदा भारतातल्या रानाचा एक तुकडा होता.

द्राक्षमळ्यातील स्थित्यंतर

फ्रान्समध्ये द्राक्षवेल छाटण्याचे काम शतकानुशतके बाकदार चाकूनेच होत असे. १८१५ च्या सुमारास बर्त्रां द मोलव्हील या सरदाराने आज आपण ज्यास सिकेटर म्हणतो ती छाटणीची कात्री काढली, असे मानले जाते. हा गृहस्थ पूर्वी सोळाव्या लुईचा नौकामंत्री होता. द्राक्षवाल्यांनी कात्रीचे स्वागत सहजासहजी केले नाही. कात्रीची एक बाजू काडी दाबून धरते व सालीस चेंगरते; चाकूचा काप मात्र स्वच्छ असतो, हा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. पण कात्रीने काम झपाट्याने होई व नवख्यासही ते जमे. शतक संपेपर्यंत कात्रीचा विजय झाला, आणि चाकू हळूहळू खिशातून पेटीत व पेटीतून अडगळीत गेला.

त्याच शतकात कलमाच्या चाकूस मात्र अकल्पित महत्त्व आले. अमेरिकेतून आलेला फायलोक्झेरा नावाचा सूक्ष्म कीटक वेलींच्या मुळांवर जगू लागला आणि फ्रान्सचे मळेच्या मळे वाळून गेले. १८६८ मध्ये प्लांशों या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी त्या कीटकास ओळखले. औषधे चालेनात, तेव्हा उपाय सापडला तो कलमाचा: अमेरिकन वेलींची मुळे हा कीटक सोसतात, म्हणून खुंट अमेरिकन घ्यावा व त्यावर आपली जुनी जात बांधावी. यासाठी गावोगावच्या मजुरांस कलम बांधण्याचे शिक्षण देण्यात आले. आजही युरोपातील बहुतेक द्राक्षवेली अशा परक्या मुळांवर उभ्या आहेत. त्या काळचा कलमाचा चाकू हाती आला, तर तो एका देशाचा बुडता धंदा सावरणाऱ्या हत्यारांपैकी एक आहे, हे ध्यानात ठेवावे.

फ्रेंच शेतकऱ्यांच्या चाकूंपैकी दोहोंची नावे प्रत्येक संग्राहकाच्या तोंडी असतात. ओब्राकच्या पठारावर लागिओल नावाचे गाव आहे. तेथील लोक त्याचा उच्चार लायोल असा करतात. १८२९ च्या सुमारास तेथे घडू लागलेल्या चाकूस पुढे एक टोचाही जोडण्यात आला. ओला चारा खाऊन गाईचे पोट फुगले की गुराखी त्या टोच्याने पोटातील वायू मोकळा करी व जनावर वाचवी. या चाकूच्या मुठीवर लहान खिळ्यांचा क्रूस पुष्कळदा दिसतो. रानात राहिल्यामुळे देवळात जाऊ न शकणारा मेंढपाळ आपला चाकू भाकरीत रोवून त्या क्रूसापुढे प्रार्थना करी, असे सांगतात. ही लोककथा गोड आहे, आणि आम्हां धर्मगुरूंस ती विशेष प्रिय वाटावी यात नवल नाही. पण संग्राहकाने लोककथेस लोककथा म्हणूनच नोंदवावे. याच चाकूवरील माशी नेपोलियनने बहाल केली, ही कथा तर खोटीच आहे.

दुसरा चाकू साव्हॉयच्या डोंगरांतील. १८९० मध्ये जोझेफ ओपिनेल या अठरा वर्षांच्या लोहारपुत्राने लाकडी मुठीचा एक साधा चाकू केला. तो स्वस्त, हलका व शेतकऱ्यास परवडणारा होता. १९०९ मध्ये त्याने आशीर्वाद देणारा हात व त्यावर मुकुट अशी खूण घेतली. हा हात सें-झां-द-मोरिएन या जवळच्या गावाच्या मानचिन्हातून आला. तेथील कॅथेड्रलात संत योहान बाप्तिस्ता यांच्या बोटांचे अवशेष जतन केलेले आहेत अशी परंपरा आहे. उघडलेले पाते हातावर मिटू नये म्हणून फिरणारे कडे बसवले गेले ते १९५५ मध्ये. त्यामुळे कडे नसलेला ओपिनेल दिसला की तो बहुधा त्याआधीचा, असा अंदाज करता येतो. अगदी लहान आकाराच्या चाकूंस मात्र आजही कडे नसते.

हे सर्व दूरदेशीचे वाटेल. परंतु कलमाच्या चाकूने गोमंतकाचा इतिहासही घडवला आहे. सोळाव्या शतकानंतर गोव्यात जेझुइट धर्मबंधूंनी आंब्याची कलमे बांधण्याची रीत रुजवली, असे इतिहासकार मानतात. कोयीपासून वाढवलेले झाड आईसारखे फळ देईलच असा भरवसा नसतो. कलम मात्र तोच गुण पुढे नेते. कुंडीतले रोप चांगल्या झाडाच्या फांदीशी भिडवावयाचे, दोहोंची साल चाकूने तासून ती एकत्र बांधावयाची आणि जीव धरल्यावर मूळ झाडापासून सोडवावयाचे, या भेटकलमाच्या रीतीने हापूस, फेर्नांदिना, मानकुराद ही नावे पिढ्यानपिढ्या टिकली. आपण आंब्याची चव वाखाणतो. तो तासणारा हात व त्या हातातील लहानसे पाते यांची नोंद कोणी ठेवली नाही.

वाचावे कसे, सांभाळावे कसे

जुन्या चाकूचे वय त्याच्या पात्याच्या मुळाशी, मुठीलगत उमटवलेल्या अक्षरांवरून अजमावतात. शेफील्डच्या जोझेफ रॉजर्स या प्रसिद्ध पेढीची खूण तारा व माल्टाचा क्रूस ही होय. मुकुटाच्या दोन बाजूंस ‘व्ही’ व ‘आर’ ही अक्षरे असली तर राणी व्हिक्टोरियाचा, म्हणजे १८३७ ते १९०१ चा काळ सूचित होतो. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे आवश्यक केले. म्हणून गावाबरोबर देशाचेही नाव असलेला चाकू बहुधा त्यानंतरचा. ‘स्टेनलेस’ असा शब्द असेल तर तो निश्चित १९१३ नंतरचा, कारण हॅरी ब्रेअर्ली यांनी शेफील्डात ते पोलाद सिद्ध केले त्याच वर्षी. अनुभवी संग्राहक केवळ डोळ्यांवर भिस्त ठेवीत नाहीत. पाते उघडताना त्याची चाल कशी आहे व मिटताना ‘खट्’ असा भरीव आवाज येतो की नाही, तेही पाहतात.

बाजारात फसवणूकही आहे. नव्या पात्यावर जुनी खूण उठवणे, तुटलेल्या चाकूचे पाते दुसऱ्या मुठीत बसवणे हे प्रकार सर्रास चालतात. खिळे नवे आणि मूठ जुनी, अथवा पाते झिजलेले आणि खूण मात्र कोरीकरकरीत, असे दिसले की सावध व्हावे. लागिओल हे नाव तर दीर्घकाळ कोणीही वापरू शकत असे. नावावरून गाव सिद्ध होत नाही.

सांभाळण्याचे नियम साधे आहेत. आपल्याकडील पावसाळ्यात पोलादास गंज चढण्यास एक रात्रही पुरते. म्हणून चाकू कोरडा करून त्यास खनिज तेलाचा पातळ हात द्यावा. चामड्याच्या म्यानात तो कायमचा ठेवू नये, कारण चामड्यातील आम्ल पाते खाते. सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू इतरांपासून दूर ठेवावा. ते द्रव्य जुने झाले की त्यातून निघणारी वाफ शेजारच्या चाकूंसही गंजवते. कायद्याचेही भान हवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व पुढील सुधारणांनी भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद केला आहे, आणि सांबरशिंगाच्या निर्यातीसही बंदी आहे. अशा मुठीचा चाकू घेण्यापूर्वी अथवा परदेशी पाठविण्यापूर्वी वनखात्याकडे विचारणा करणे श्रेयस्कर.

परंतु सर्वांत मोठा नियम वेगळाच आहे: जुना चाकू नवा करण्याच्या भरीस पडू नये. आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारांपाशी डोळा भरण्याचा एक शेफील्डचा चाकू होता. जहाजावर नोकरीस असलेल्या त्यांच्या तारवटी चुलत्यांनी तो आणलेला. चाळीस वर्षे निसण्यावर घासून त्याचे पाते निम्मे उरले होते. वडिलांच्या पश्चात मुलांनी मोठ्या प्रेमाने तो बाजारातील यंत्रावर चकचकीत करून आणला. गंज गेला, तशी खूणही गेली. आणि मुठीवर अंगठ्याने चाळीस वर्षांत पाडलेली खळी तीही गेली. आता तो कोणाचाही चाकू आहे. मुलांच्या मनात वडिलांविषयी आदरच होता, म्हणून ही गोष्ट अधिक चटका लावते.

बाजारात झिजलेल्या पात्याचा भाव उतरतो, आणि कधीच न वापरलेल्या चाकूस सर्वाधिक किंमत येते. व्यापाऱ्याचे गणित आम्ही समजू शकतो. तथापि जो चाकू खिशातून कधी बाहेरच आला नाही, तो शेतीविषयी काय सांगणार? पात्याची झीज ही धन्याच्या कष्टांची वही आहे. ती पुसून किंमत वाढवण्यापेक्षा ती वाचता येईल अशी ठेवणे, हे आम्ही खऱ्या संग्राहकाचे लक्षण समजतो.

या बाबतीत शेफील्डचे केन हॉली यांचे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९२७ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ हत्यारांचे दुकानदार. शहरातील जुने कारखाने एकामागून एक बंद पडू लागले, तेव्हा त्यांनी तयार हत्यारेच नव्हे, तर ती घडवण्याची साधने, अर्धवट राहिलेले तुकडे आणि सूचिपत्रेही गोळा केली. वस्तू कशी दिसते यापेक्षा ती कशी होत असे, हे टिकले पाहिजे, अशी त्यांची दृष्टी होती. त्यांचा संग्रह २०१० पासून शेफील्डच्या केलम आयलंड संग्रहालयात सर्वांस पाहावयास खुला आहे. ते स्वतः २०१४ मध्ये निवर्तले. त्याच शहरातील हाती चाकू घडवणारे विख्यात कारागीर स्टॅन शॉ २०२१ मध्ये गेले. हात एकेक करून थांबत आहेत. त्यांनी केलेल्या वस्तू व त्यांची माहिती तेवढी मागे राहते, आणि तीही कोणी ठेवली तरच.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस परदेशी चाकूंचा संग्रह करणे जमणार नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. परंतु आपल्या गोठ्यात, माळ्यावर अथवा आजोबांच्या ट्रंकेत एखादा मिटता चाकू, कलमाचे पाते किंवा झिजलेला कोयता पडलेला असेल. तो घासून काढण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे: हा कोणाचा? कोठून आणला? याने कोणते झाड बांधले? ते झाड अजून आहे काय? उत्तरे एका कागदावर लिहावी, त्याखाली तारीख घालावी आणि तो कागद चाकूबरोबरच ठेवावा. चाकू आणखी शंभर वर्षे टिकेल. सांगणारी व्यक्ती तितकी वाट पाहू शकणार नाही.